मकर राशीचे मूळ चित्र कोणाचे : मगरीचे, बोकडाचे की माशाचे?

सायंतारा

नमस्कार. माझी मुलगी सहावीत शिकते. शाळेत बारा राशींची चित्रे काढून आणायला सांगितले होते. तिने आमच्या घरातल्या दिनदर्शिकेत पाहून मकर राशीसाठी मगर काढली, तर तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने पुढून शिंगांचा बोकड आणि मागून माशाची शेपटी असे चित्र काढले. दोघींचे चांगलेच वाजले. बाईंनी दोन्ही चित्रे भिंतीवर शेजारीशेजारी लावली आणि यातले मूळचे कोणते ते घरी विचारून या, असे सांगितले.

मी आईला विचारले, तर ती म्हणाली, "मकर म्हणजे मगर, त्यात विचारायचे काय?" मलाही इतकी वर्षे तसेच वाटत होते. मग पाश्चात्त्य लोक याच राशीला बोकडाच्या शिंगांवरून का ओळखतात, आणि त्या बोकडाला माशाची शेपटी कोणी लावली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. भविष्य किंवा स्वभाववर्णन नको आहे; चित्र कुठून आले, एवढेच हवे आहे.

दुर्बीणवाला

चित्राकडे जाण्यापूर्वी आकाशात काय आहे ते सांगतो, कारण तिथे मगरही दिसत नाही आणि बोकडही दिसत नाही. मकर हा मंद ताऱ्यांचा समूह आहे. त्यातला सर्वांत तेजस्वी ताराही तेजाने जेमतेम तिसऱ्या प्रतीचा, त्यामुळे शहराच्या उजेडात हा समूह पार बुडून जातो. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की रात्री आठ-साडेआठला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. डोक्यावरून वायव्येकडे झुकलेला अभिजित आणि त्याच्या दक्षिणेचा श्रवण या ठळक ताऱ्यांना जोडणारी रेषा तशीच दक्षिणेकडे वाढवली, की जवळजवळचे दोन तारे लागतात. ते मकरेचे अल्फा आणि बीटा. तिथून पूर्वेकडे पसरलेला, टोक खाली असलेला एक बसका त्रिकोण दिसतो. एखाद्या होडीचा तळ असावा तसा.

अल्फा ताऱ्याकडे नीट पाहावे. गेल्या वर्षी भोरजवळच्या एका शेतात आम्ही सहा जण उभे होतो आणि पाच जणांना तिथे नुसत्या डोळ्यांनी दोन तारे सुटे दिसले. ते एकमेकांजवळ मुळीच नाहीत. एक शंभराहून थोड्या अधिक प्रकाशवर्षांवर, तर दुसरा त्याच्या कितीतरी पट मागे आहे. अरबी खगोलज्ञांनी या समूहाला करडू म्हटले. अल्फाचे 'अल्जेदी' हे नाव त्यावरूनच आले, आणि पूर्वेकडच्या डेल्टाचे नाव 'देनेब अल्जेदी', म्हणजे करडाची शेपटी, असे पडले. तेव्हा तुमच्या मुलीच्या मैत्रिणीच्या बाजूने निदान अरबांची साक्ष आहे.

पंचांगप्रेमी

सायंताराताई, आपल्या आईंचे म्हणणेच बरोबर आहे. मकर हा संस्कृत शब्द आहे, मगर हा त्यापासून झालेला, आणि मकर हे गंगेचे वाहन आहे. पाश्चात्त्यांनी काय चित्र काढले त्यावरून आपल्या राशीचे रूप ठरवू नये.

शिलालेख

बोकडाला माशाची शेपटी ग्रीकांनी लावली असे बहुतेक लेखांत वाचायला मिळते. ते खरे नाही. ग्रीकांच्या हाती हा प्राणी तयार आला.

त्याचे मूळ गाव आजच्या दक्षिण इराकमध्ये आहे. सुमेर लोकांचे एरिडू नावाचे प्राचीन नगर होते. त्याचा देव एन्की. अक्कडी भाषेत त्यालाच एआ म्हणतात. तो गोड्या पाण्याचा, शहाणपणाचा आणि कारागिरीचा देव. जमिनीखाली 'अप्सू' नावाचा गोड्या पाण्याचा अथांग साठा आहे आणि एन्की तिथे राहतो, अशी त्यांची श्रद्धा होती. विहिरीचे पाणी, झऱ्याचे पाणी, कालव्याचे पाणी सगळे त्याचेच. या देवाचा प्राणी म्हणजे 'सुहुर-माश'. सुहुर हा कार्प जातीचा मासा आणि माश म्हणजे बोकड. इसवी सनापूर्वी सुमारे २१०० च्या सुमारास, उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात, हा बोकडमासा दंडगोल मुद्रांवर, म्हणजे ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायच्या छोट्या दगडांवर, दिसू लागतो. तेव्हा बारा राशींचे चक्र अस्तित्वातच नव्हते.

पुढे बाबिलोनमध्ये जमिनीच्या दानाचे दगड कोरले जात. त्यांना कुदुर्रू म्हणतात. मेलीशिपाक राजाने आपल्या मुलाला दिलेल्या जमिनीचा इसवी सनापूर्वी बाराव्या शतकातला असा एक काळा दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर सर्वांत वर चंद्र, सूर्य आणि शुक्र आहेत. खाली एकेका देवाचे चिन्ह आहे, आणि एआच्या जागी मेंढ्याच्या डोक्याचा दंड आणि त्याच्याखाली आपला हा बोकडमासा आहे. शिंगे मागे वळलेली, पुढचे पाय दुमडलेले आणि कमरेपासून खवल्यांची शेपटी. दान मोडणाऱ्याला या सर्व देवांचे शाप बाधतील, असा अशा दगडांवरच्या मजकुराचा रोख असतो.

कोकणातले गधेगाळ, म्हणजे जुन्या दानांचे कोरीव दगड, ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे ऐकून काही आठवेल. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि दान मोडणाऱ्याला खाली कोरलेली शिवी. दोन्हींमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि एकावरून दुसरे आले असे मी म्हणत नाही. परंतु जमीन देताना माणसाने आकाशाला साक्षी ठेवावे, हे दोन्हीकडे सारखेच सुचले.

या चिन्हांतली काही पुढे ताऱ्यांच्या समूहांना चिकटली. 'मुल-अपिन' या बाबिलोनी तारासूचीत बोकडमासा तारासमूह म्हणून नोंदलेला आहे. क्रांतिवृत्ताचे, म्हणजे ताऱ्यांतून जाणाऱ्या सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे, तीस-तीस अंशांचे बारा समान भाग इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पडले, तेव्हा त्यातला एक भाग याच्या नावाने झाला.

मातीचा_दिवा

मी कुठेतरी वाचले होते की उत्तरायण सुरू होताना सूर्य वर चढू लागतो आणि बोकडही चरता चरता डोंगर चढतो, म्हणून तिथे बोकड ठेवला. आणि तो पावसाळी पाण्याचा काळ, म्हणून शेपटी माशाची. हे पटण्यासारखे वाटते.

शिलालेख

@मातीचा_दिवा, चढणाऱ्या बोकडाचे स्पष्टीकरण मॅक्रोबियस या रोमन लेखकाने दिलेले आहे, म्हणजे ते इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपासचे आहे. चित्र त्याच्या अडीच हजार वर्षे आधीचे. शिवाय मुद्रांवर हा प्राणी प्रथम आला, तेव्हा सर्वांत लहान दिवसाचा सूर्य या समूहाच्या पार शेपटीकडच्या टोकाला होता. चढणीची सुरुवात बोकडाच्या डोक्यापाशी होतच नव्हती. आधी चित्र आले आणि मागून कोणीतरी त्याला कारण शोधले, असाच हा प्रकार आहे. माशाच्या शेपटीला मात्र कारण शोधावे लागत नाही. ज्या देवाचा प्राणी, तो देवच पाण्यात राहणारा आहे.

वनज्योत्स्ना

ग्रीकांच्या कथा कोणी सांगितल्या नाहीत, म्हणून लिहिते. त्या दोन आहेत आणि दोन्हींत बोकडाला शेपटी कशी आली हेच समजावून सांगायचा प्रयत्न आहे.

पहिली एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाच्या नावावर चालत आलेल्या तारकाकथांमधली. एगिपान, म्हणजेच पान, हा अर्धा बोकड असलेला देव. क्रीट बेटावरच्या इडा पर्वतावर तो झ्यूसबरोबर वाढला. टायटनांशी, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या पिढीतल्या देवांशी, युद्ध झाले तेव्हा त्याला समुद्रात शंख सापडला. त्याने तो फुंकला आणि त्या आवाजाने टायटन घाबरून पळाले. शंख समुद्रात सापडला म्हणून झ्यूसने त्याला आकाशात ठेवताना माशाची शेपटी दिली. आपण सर्रास "पॅनिक होऊ नका" म्हणतो, त्यातला पॅनिक या पान देवाच्याच नावावरून आलेला आहे.

दुसरी कथा हायजिनस या रोमन लेखकाने दिली आहे. टायफॉन नावाचा महाभयंकर राक्षस चालून आला, तेव्हा सगळे देव इजिप्तमध्ये होते. पानने सुचवले की प्रत्येकाने प्राण्याचे रूप घेऊन लपावे. त्याने स्वतः नदीत उडी घेतली. कमरेखालचा पाण्यात गेलेला भाग मासा झाला आणि वरचा बोकड राहिला. मला ही कथा जास्त आवडते, कारण तिच्यात ते रूपांतर डोळ्यांसमोर घडते. अर्धे अंग पाण्यात, अर्धे बाहेर, आणि मागे राक्षस येतो आहे.

पण शिलालेख यांचा प्रतिसाद वाचल्यावर हेही दिसते की ग्रीकांना एन्की माहीत नव्हता. त्यांच्यापर्यंत नुसते चित्र पोहोचले, देव मागेच राहिला. मग त्यांनी आपल्या घरातला बोकडदेव तिथे बसवला आणि उरलेल्या शेपटीसाठी कथा रचली.

नवाकोरा

रोमचा सम्राट ऑगस्टस याने याच राशीचे चिन्ह नाण्यांवर पाडले होते आणि ते त्याच्या नावाच्या दुसऱ्या लीजनचेही, म्हणजे सैन्यदळाचेही, चिन्ह होते. गंमत म्हणजे त्याचा जन्म २३ सप्टेंबरचा. सूर्यराशीने पाहिले तर तूळ निघते. तो मकरेचा कसा, यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात. आणि १८४६ साली नेपच्यून ग्रह बर्लिनच्या वेधशाळेतून प्रथम ओळखला गेला, तोही २३ सप्टेंबरलाच आणि मकर-कुंभ सीमेजवळ, दुर्बीणवाला यांनी सांगितलेल्या त्या करडाच्या शेपटीपाशी.

पंचांगप्रेमी

वरचे सर्व प्रतिसाद वाचले. अभ्यासपूर्ण आहेत यात शंका नाही. तरीही माझा आक्षेप कायम आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान म्हणतात, "झषाणां मकरश्चास्मि स्रोतसामस्मि जाह्नवी". जलचरांत मी मकर आणि प्रवाहांत मी गंगा. मकर आणि गंगा एकाच ओळीत आहेत. कामदेवाचा ध्वज मकराचा आहे, वरुणाचे वाहन मकर आहे. एवढी खोल मुळे असलेला मकर बाबिलोनहून आला, असे मी कसे मानावे?

लेणीवाट

पंचांगप्रेमी काका, तुमचा अर्धा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. मकर हा प्राणी आपला आहे आणि तो राशीच्या आधीपासून आपल्याकडे आहे. बिहारमधल्या बराबर टेकड्यांतल्या लोमस ऋषी लेण्याच्या दारावर हत्तींची एक रांग कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना मकर आहेत. ते लेणे मौर्यकाळातले, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले मानले जाते. भरहुतच्या स्तूपाच्या वेदिकेवरही, म्हणजे कठड्यावरही, मकर आहेत. तेव्हा आपल्याकडे राशींचे नावही कुठे दिसत नाही.

वेरूळला गेलात तर लेणे क्रमांक २१, रामेश्वर, चुकवू नका. लोक कैलास पाहून दमतात आणि तिथे जातच नाहीत. दर्शनी भागात डाव्या टोकाला गंगा मकरावर उभी आहे. मावळतीच्या तिरप्या उन्हात मी तिच्यासमोर बराच वेळ बसले होते. गंगेच्या देहाचा तोल इतका सहज आहे की खालचा प्राणी वाहत्या पाण्यात हलतो आहे असे वाटते. आपल्या शिल्पांतला मकर नीट पाहिलात तर तो निव्वळ मगर कधीच नसतो. जबडा मगरीचा, नाक हत्तीच्या सोंडेसारखे वर वळलेले आणि शेपटी माशाची. पुष्कळदा ती शेपटी शेवटी वेलबुट्टीच होऊन जाते. देवळाच्या गाभाऱ्यातून अभिषेकाचे पाणी बाहेर पडते तिथे पुष्कळ ठिकाणी याच मकराचे तोंड असते.

कृष्णाकाठ

आमच्या सांगलीला कृष्णेत खऱ्या मगरी आहेत आणि उन्हाळ्यात वाळूवर ऊन खात पडलेल्या दिसतात. चिपळूणकडच्या वाशिष्ठीतही आहेत. लेणीवाट म्हणतात ते बरोबर आहे. देवळावरचा मकर पाहिल्यावर नदीवर वाढलेल्या माणसाला तो मगर वाटत नाही. मगरीला सोंड नसते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असते.

विठोबाच्या कानांतली मकरकुंडले पाहा. तुकोबांनी "मकरकुंडले तळपती श्रवणीं" म्हटले, आणि पंढरपूरला ती कुंडले मासोळीच्या आकाराची आहेत. तिथे मकर म्हणजे सरळ मासाच.

अक्षरओळख

पंचांगप्रेमी यांच्या उरलेल्या अर्ध्या मुद्द्याबद्दल लिहितो. प्राणी आपला, हे ठरले. प्रश्न असा आहे की तो राशिचक्राच्या दहाव्या घरात कसा जाऊन बसला.

वेदांगज्योतिष या आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथात नक्षत्रे आहेत, मेष-वृषभ नाहीत. हे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ सालच्या आपल्या मराठी ग्रंथातच नोंदवून ठेवले आहे. राशी आल्या त्या यवनांशी, म्हणजे ग्रीकांशी, संबंध आल्यानंतरच्या काळात. तो संबंध आपल्यापासून दूरचा नव्हता. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब यवनांनी दान केल्याचे त्या खांबांवरच कोरलेले आहे.

आता वराहमिहिराचे बृहज्जातक पाहा. इसवी सनाचे सहावे शतक. पहिल्याच अध्यायात तो राशींची दुसरी नावे देतो : क्रिय, ताबुरि, जितुम, कुलीर, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक, आकोकेर, हृद्रोग. मकरेचे नाव आहे आकोकेर. ग्रीक भाषेत या राशीला 'ऐगोकेरोस' म्हणतात, म्हणजे बोकडाच्या शिंगांचा. कौर्प्य म्हणजे स्कॉर्पिओस, लेय म्हणजे लिओन. कुंभेच्या 'हायड्रोखूस'चे तर 'हृद्रोग' झाले, म्हणजे ऐकणाऱ्याने तो परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दात बसवून टाकला. वराहमिहिराने ही नावे लपवलेली नाहीत. मग आपण का संकोचावे?

त्याच अध्यायात राशींचे रूपवर्णन आहे आणि त्यात दोन शब्द आहेत, ज्यांवर हा सगळा धागा उभा राहू शकतो : "मकरो मृगास्यः". मकर, पण तोंड मृगाचे. हा मकर मगरीच्या किंवा हत्तीच्या तोंडाचा नाही, शिंगांच्या चतुष्पादाच्या तोंडाचा आहे. समोर आलेल्या चित्रात पुढे शिंगांचा प्राणी आणि मागे मासा होता. माशाची शेपटी असलेला, पुढून दुसराच कोणी असलेला असा प्राणी आपल्याकडे आधीच होता, त्याचे नाव मकर. म्हणून नाव मकराचे दिले आणि तोंड तेवढे पाहुण्याचे ठेवले. माझ्या मते हे भाषांतर आहे, आणि फार उत्तम भाषांतर आहे.

पंचांगप्रेमी

"मृगास्यः" हे मी वाचले होते आणि त्याकडे कधी थांबून पाहिले नव्हते. लहानपणी वडिलांनी मकर राशीला 'मृग' असेही म्हणतात हे पाठ करून घेतले होते. तेव्हा मला ते मृग नक्षत्राशी घोटाळा करणारे वाटे. आज त्याचा उलगडा झाला. लेणीवाट आणि अक्षरओळख यांचे आभार.

मातीचा_दिवा

थोडे बाजूला जाते, क्षमस्व. मग संक्रांत १४ जानेवारीला का? उत्तरायण तर २२ डिसेंबरच्या आसपासच सुरू होते ना?

दुर्बीणवाला

अयनबिंदू, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य असतो त्या जागा, ताऱ्यांच्या संदर्भात मागे सरकतात, साधारण ७२ वर्षांत एक अंश. आपली संक्रांत ताऱ्यांना धरून असलेली, म्हणजे निरयन. अयन मात्र मागे मागे जाते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. आज डिसेंबरातल्या त्या दिवशी सूर्य प्रत्यक्षात धनू समूहाच्या ताऱ्यांत असतो. दक्षिण गोलार्धातल्या मकरवृत्ताचे नाव त्या जुन्या स्थितीवरून पडले आणि तसेच राहिले.

वराहमिहिराला हे सरकणे दिसले होते. बृहत्संहितेत तो सांगतो की पूर्वीच्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितले आहे, सध्या मात्र ते "मृगादितः" होते. पाहा, इथेही मकरेला मृगच म्हटले आहे. आणि फरक पडला तर "प्रत्यक्षपरीक्षणैः", म्हणजे स्वतः पाहून, निश्चित करावे असे तो लिहितो.

दूरदेशी

मी गेली अकरा वर्षे सिंगापूरला आहे. इथल्या चिनी सहकाऱ्यांना हा धागा तोंडी सांगितला, तेव्हा एकीने मला थक्क केले. चिनी भाषेत मकर राशीला 'मोच्ये' म्हणतात. हा शब्द त्यांचा नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या 'मकर' या संस्कृत शब्दाचे ते चिनी रूप आहे. आणि तो शब्द लिहिताना ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्यांतल्या दुसऱ्या अक्षराचा स्वतंत्र अर्थ खच्ची केलेला बोकड असा आहे. तिने मला ते कागदी रुमालावर लिहून दाखवले. अक्षराच्या डाव्या अंगाला मेंढी-बोकडाचे चिन्ह, वर दोन छोटी शिंगे काढलेली. म्हणजे कानाला ऐकू येतो आपला मकर आणि डोळ्यांना दिसतो बोकड.

अक्षरओळख

@दूरदेशी, हे मला नवे आहे. तो रुमाल जपून ठेवा.

सायंतारा

सर्वांची मनापासून ऋणी आहे. रविवारी दुपारी मुलीला आणि आईला शेजारी बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आईला गंगेची ओळ ऐकून समाधान वाटले. "मृगास्यः" ऐकल्यावर मात्र ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे त्या दुसऱ्या पोरीचेही चूक नव्हते."

मुलीने नवे चित्र काढले आहे. एकाच मोठ्या कागदावर एकच लांब माशाची शेपटी आणि तिला समोरून चार तोंडे : बोकडाचे, हरणाचे, सोंडेचे आणि मगरीचे. शेपटीला तिने निळा रंग दिला आहे आणि खाली लिहिले आहे, "पाणी सगळ्यांचे सारखे". तिने सगळ्यांत आधी कोणते तोंड काढावे यावर बराच विचार केला आणि शेवटी बोकडाचे काढले, कारण शिलालेख काकांनी सर्वांत जुने तेच सांगितले होते. शिंगे मागे वळलेली आहेत. सोमवारी ती आणि तिची मैत्रीण हे चित्र मिळून वर्गात घेऊन जाणार आहेत.

आता तिला ते दोन सुटे तारे पाहायचे आहेत. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून दक्षिणेकडे उड्डाणपुलाचे दिवे येतात. दुर्बीणवाला, ऑक्टोबरात तुमच्या त्या शेतावर आणखी तीन माणसांची सोय होईल का? आईही येते म्हणते.

दुर्बीणवाला

अवश्य या. अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरू. आजींसाठी खुर्ची आणि शाल मी आणतो. शेतात दव फार पडते.